भिंतीपलीकडचा निरोप: सी-अर्चिनच्या नलिकापादाचं एक प्रकरण

समुद्राचं पाणी भरलेल्या बशीत सी-अर्चिनचा, म्हणजे गोल कवचाच्या काटेरी समुद्री प्राण्याचा, एक नलिकापाद, म्हणजे चिकटायला आणि सरकायला वापरायचा पाय, पडला आहे. दोऱ्यासारखा बारीक, आतून पोकळ, टोकाला छोटीशी चकती. कवचापासून तो कापून घेतलेला, म्हणजे मूळ प्राण्याशी त्याचा आता काही संबंध उरलेला नाही. काचेच्या बारीक सुईनं त्याला बाहेरून डिवचलं की तो आखडतो. थोडा वेळ जाऊ दिला की सैल पडतो. पुन्हा डिवचा, पुन्हा आखडतो.

वरवर पाहता यात नवल नाही. त्वचेत चेतापेशी आहेत, आत स्नायू आहे, स्पर्श झाला, स्नायू आखडला. पण नलिकापादाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की हे साधं वाक्य मधोमध तुटतं. सगळ्यात बाहेर अभिस्तर, म्हणजे त्वचेचा थर. त्या थराच्या बुडाशी चेतातंतूंचं जाळं आणि एका बाजूनं लांबीभर गेलेली चेतारज्जू. सगळ्यात आत, पोकळीला लागून, लांबीच्या दिशेनं मांडलेल्या स्नायूपेशी. आणि या दोहोंच्या मध्ये कोलॅजन तंतूंनी विणलेली संयोजी ऊतीची भिंत. चेतातंतू भिंतीच्या बाहेर, स्नायू भिंतीच्या आत.

मग निरोप आत जातो कसा?

हा प्रश्न नेटानं हाताळला तो अर्न्स्ट फ्लोरी आणि मर्ल ॲन केहिल या दोन संशोधकांनी. त्यांचा प्राणी होता लाल सी-अर्चिन, तेव्हाचं शास्त्रीय नाव स्ट्राँगायलोसेंट्रोटस फ्रान्सिस्कॅनस. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यालगत राहणारा, आकारानं दांडगा आणि शंभर वर्षांहून जास्त जगू शकणारा. १९७५ ते १९८० या काळात त्यांचे लागोपाठ शोधनिबंध आले आणि शेवटच्या निबंधाच्या शीर्षकातच निष्कर्ष होता: सिनॅप्सविना रासायनिक संदेशवहन. त्या काळी ते वाचून पुष्कळांच्या भुवया उंचावल्या असणार. चेतापेशी आणि स्नायू यांचा सिनॅप्स, म्हणजे निरोप ओलांडून जातो ती दोघांमधली अगदी अरुंद फट, हा तर शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकातला पहिला धडा.

प्रकरणात शिरण्याआधी या अवयवाची यंत्रणा पाहायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नलिकापाद लांब होतो तो स्नायूच्या जोरावर नव्हे. कवचाच्या आतल्या बाजूला प्रत्येक नलिकापादाला जोडलेली एक पिशवी असते. ती आवळली की तिच्यातलं पाणी कवचातल्या छिद्रांच्या जोडीतून बाहेर ढकललं जातं आणि नलिकापाद ताणला जातो. भिंतीतले कोलॅजन तंतू त्याला फुगू देत नाहीत, म्हणून पाण्याचा सगळा दाब लांबी वाढवण्यात खर्च होतो. नलिकापादातल्या स्नायूकडे मुख्य काम एकच: आखडणं. म्हणून संशोधकाला हा अवयव सोयीचा. दोन विरोधी स्नायूंची ओढाताण नाही. आखूड झाला म्हणजे त्या स्नायूनं काम केलं, इतकं सरळ वाचन करता येतं.

शक्यता किती

भिंत ओलांडण्याचे मार्ग मोजकेच. एक, चेतातंतूच कुठेतरी भिंत भेदून आत जात असेल आणि तो आपल्याला दिसला नसेल. दोन, उलटा प्रकार: स्नायूपेशीच आपली शेपटी लांबवून चेतातंतूपाशी जात असेल. ही कल्पना ऐकायला विचित्र वाटली तरी हवेतली नाही. जेम्स कॉब यांनी ॲस्ट्रोपेक्टेन या तारामाशाच्या नलिकापादाच्या पिशवीत स्नायूपेशींच्या अशाच शेपट्या दाखवल्या होत्या. तीन, चेतापेशींचा काही संबंधच नसेल. डिवचल्यावर भिंतीला बसलेला ताण थेट स्नायूला जाणवत असेल. आणि चार, बाहेरचे चेतातंतू एखादं रसायन सोडत असतील आणि ते भिंतीतून झिरपत स्नायूपर्यंत पोहोचत असेल.

चौथी शक्यता सगळ्यात ओबडधोबड वाटते. निरोप द्यायचा तर दाराशी जाऊन द्यावा. अंगणात उभं राहून भिंतीला ओल आणून निरोप देण्याची ही कुठली रीत?

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं पहिल्या दोन शक्यतांवर आघात केला. फ्लोरी आणि केहिल यांनी १९७७ मध्ये नलिकापादाची सूक्ष्मरचना मांडली. भिंतीत कोलॅजन होतं, संयोजी ऊतीच्या पेशी होत्या, पण स्नायूवर जाऊन टेकणारा चेतातंतू नव्हता. स्नायूपेशींच्या शेपट्याही बाहेरच्या जाळ्यापर्यंत जाताना दिसल्या नाहीत.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. ‘दिसलं नाही’ हा पुरावा कितपत भक्कम? इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी कापलेला एक छेद साधारण ७० नॅनोमीटर जाडीचा असतो. एक सेंटिमीटर लांबीचा नलिकापाद पूर्ण पाहायचा तर जवळजवळ दीड लाख छेद लागतील. एवढे कोणी पाहत नाही. दर मिलिमीटरला एखादाच बारीक तंतू आत जात असला, तर शेकडो छेद पाहूनही तो हुकू शकतो. त्यामुळे केवळ चित्रांवर हे प्रकरण निकाली निघालं असतं तर मी ते मान्य केलं नसतं. निकाल निघाला तो चित्रांना रसायनाची जोड मिळाल्यावर.

ॲसिटिलकोलीनवर संशय का

ॲसिटिलकोलीन हे चेतापेशी निरोपासाठी सोडतात ते एक रसायन. कंटकचर्मी, म्हणजे सी-अर्चिन, तारामासा, समुद्रकाकडी यांच्या गटातल्या प्राण्यांच्या स्नायूंना ते आखडवतं, ही त्या वेळी जुनी माहिती होती. समुद्रकाकडीच्या शरीरभित्तिकेत लांबीच्या दिशेनं पाच स्नायूपट्टे असतात. त्यातला एक काढून टांगला, पाण्यात किंचित ॲसिटिलकोलीन टाकलं की पट्टा आखडतो. त्या रसायनाचा फडशा पाडणारं विकर, म्हणजे कोलिनएस्टरेज, एसेरीन या औषधानं आधी निकामी केलं तर पट्टा आणखी हळवा होतो. त्यामुळे अनोळखी द्रावणात ॲसिटिलकोलीन आहे का, हे तपासायला जिवंत मापक म्हणूनही असे स्नायू वापरले गेले.

पण स्नायू एखाद्या रसायनाला प्रतिसाद देतो म्हणजे शरीर त्याच रसायनानं त्याला हुकूम देतं, असं होत नाही. कुलूप एका किल्लीनं उघडलं म्हणून घराचा मालक तीच किल्ली वापरतो हे ठरत नाही. त्यासाठी काही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवणाऱ्या हव्यात. ते रसायन चेतातंतूंच्या जाळ्यात असलं पाहिजे. बाहेरून दिलेल्या रसायनाचा आणि प्राण्याच्या स्वतःच्या उद्दीपनाचा परिणाम सारखा दिसला पाहिजे. एक अडवणारं औषध दुसऱ्यालाही अडवणारं हवं. एक वाढवणारं औषध दुसऱ्यालाही वाढवणारं हवं. हे जुळलं की तिसरी शक्यता मागे पडते. ताण थेट स्नायूला जाणवत असता, तर ॲसिटिलकोलीनच्या वाटेत अडथळा आणल्यानं डिवचण्याच्या परिणामावर फरक पडायचं कारण नव्हतं.

१९८० च्या निबंधात फ्लोरी आणि केहिल यांनी मांडणी केली ती अशी: नलिकापादाच्या स्नायूचं नियंत्रण ॲसिटिलकोलीनकडे आहे, ते बाहेरच्या चेताजाळ्यातून सुटतं आणि संयोजी ऊतीच्या भिंतीतून पसरत स्नायूपर्यंत जातं. दोन बाजूंना ओळखीच्या वस्तू, मध्ये ओळखीचा सिनॅप्स मात्र नाही.

हे शक्य तरी आहे का? वेळेचा हिशेब

या प्रकरणाचा मला सगळ्यात आवडणारा भाग हाच, कारण तो कागद-पेन्सिलीनं तपासता येतो.

रेणू वाट काढत पसरतो त्याला विसरण म्हणतात. त्याचा नियम मोठा कठोर आहे: अंतर दुप्पट केलं तर वेळ चौपट लागतो, दसपट केलं तर शंभरपट. ढोबळ सूत्र असं की लागणारा वेळ म्हणजे अंतराचा वर्ग भागिले विसरण गुणांकाची दुप्पट. ॲसिटिलकोलीनसारख्या छोट्या रेणूचा गुणांक सेकंदाला ५०० चौरस मायक्रोमीटर धरू. कोलॅजनच्या जाळीत तो यापेक्षा कमी पडेल, पण अंदाजाला पुरे.

आपल्या हातापायांच्या स्नायूंमध्ये चेतातंतू आणि स्नायू यांच्यातली फट साधारण ५० नॅनोमीटरची. सूत्रात घाला: वेळ येतो सेकंदाचा काही दशलक्षांश भाग. आता १० मायक्रोमीटर जाडीची भिंत घ्या. वेळ येतो सेकंदाचा दहावा भाग. २० मायक्रोमीटर असेल तर सेकंदाचे चार दशांश. १०० मायक्रोमीटरला १० सेकंद. एक मिलिमीटरला सोळा-सतरा मिनिटं.

माशी पकडायची असती तर सेकंदाचा दहावा भागही महाग पडला असता. पण नलिकापाद हळू आखडतो, त्याला एवढा उशीर सहज परवडतो. म्हणजे भिंत काही मायक्रोमीटर ते काही दशक मायक्रोमीटर असेपर्यंत झिरपण्याची कल्पना वेळेच्या कसोटीला उतरते, आणि मिलिमीटरच्या घरात गेली की पार कोसळते. कल्पना खोटी ठरण्याची जागा इतकी स्पष्ट असणं ही मला तिची ताकद वाटते.

यातून आणखी एक गंमत निघते. हे माझं गणित आहे, मोजमाप नव्हे. नलिकापाद ताणला की भिंत पातळ होते. लांबी चौपट झाली आणि व्यास फारसा बदलला नाही असं धरलं, तर भिंतीची जाडी चौथ्या हिश्शावर येईल आणि विसरणाचा वेळ सोळाव्या हिश्शावर. म्हणजे पूर्ण ताणलेल्या नलिकापादाला निरोप लवकर पोचणार, आखडलेल्याला उशिरा. लांब बाहेर काढलेला पाय धोक्यात जास्त, आणि आत ओढायचा हुकूमही त्यालाच आधी. निसर्गानं हे ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. भूमितीचा प्रसाद आहे.

झिरपण्याला आणखी एक अट आहे. वाटेत रसायन नष्ट व्हायला नको, आणि काम झाल्यावर मात्र नष्ट व्हायला हवं. कोलिनएस्टरेज फार तडफदार असेल तर निरोप भिंतीतच विरेल. अगदीच नसेल तर स्नायू आखडलेलाच राहील. नलिकापाद डिवचल्यावर आखडतो आणि नंतर सैल पडतो, त्यामागे हा तोल असावा.

आता विजेच्या वाटेचा विचार. अनेक प्राण्यांत शेजारच्या पेशी एकमेकींना थेट दुव्यांनी जोडलेल्या असतात आणि विद्युत-संदेश या पेशीतून त्या पेशीत सरळ जातो. सी-अर्चिनच्या स्नायूपेशींत असे दुवे असते तर एखाद्याच पेशीला निरोप मिळून बाकीच्या आपोआप सामील झाल्या असत्या, आणि मघाचा ‘दर मिलिमीटरला एखादाच तंतू’ हा संशय पुन्हा जिवंत झाला असता. २००६ मध्ये जांभळ्या सी-अर्चिनचा, म्हणजे लाल सी-अर्चिनच्या सख्ख्या नातलगाचा, संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. त्यात चेतासंस्थेशी संबंधित जनुकं धुंडाळणाऱ्या गटाला अशा दुव्यांची जनुकं सापडली नाहीत. बहुतेक परिचित चेतापारेषकांची, म्हणजे चेतापेशींच्या निरोप्या रसायनांची, सामग्री मात्र सापडली. अपवाद ॲड्रेनॅलिन आणि मेलाटोनिनचा. १९८० च्या निष्कर्षाला हा आधार पंचवीसेक वर्षांनी आणि अगदी वेगळ्या दालनातून मिळाला. सगळ्या पेशींना एकाच वेळी भिजवणारा निरोप हा अशा स्नायूला सोयीचाच.

गाबाचं काय करायचं

या प्रकरणात एक धागा असा आहे जो नीट गुंडाळला जात नाही, आणि तो गमतीचा आहे.

गाबा, पूर्ण नाव गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल. मेंदूतला चेतापेशींना शांत करणारा प्रमुख पारेषक म्हणून त्याची ओळख. ही ओळख पटवण्यात फ्लोरी यांचाच हात होता. सस्तन प्राण्यांच्या मेंदूतून काढलेला एक अर्क क्रेफिशच्या ताण-ग्राही चेतापेशीला गप्प करतो, हे त्यांनी दाखवलं होतं, आणि १९५७ मध्ये बेझमोर, एलियट आणि फ्लोरी यांनी त्या अर्कातला कर्ता घटक गाबा असल्याचं सांगितलं. त्याच फ्लोरी यांनी १९७५ मध्ये केहिल आणि राथमायर यांच्यासोबत सी-अर्चिनच्या नलिकापादावर गाबा टाकला, तर नलिकापाद आखडला! शांत करणाऱ्यानं इथे चेतवलं होतं.

यात विरोधाभास वाटतो तो रसायनाला स्वभाव असतो असं आपण गृहीत धरतो म्हणून. गाबा स्वतः चेतवतही नाही आणि शांतही करत नाही. तो पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका ग्राहीवर, म्हणजे त्याला ओळखणाऱ्या रेणूवर, जाऊन बसतो. ग्राही उघडल्यावर कोणते आयन कोणत्या दिशेनं वाहतील हे त्या पेशीनं आत काय साठवलं आहे त्यावर ठरतं. शिवाय दुसरा फाटा आहे. पाण्यात टाकलेल्या पदार्थानं स्नायू आखडला, एवढ्यावरून तो पदार्थ स्नायूवरच बसला असं म्हणता येत नाही. तो बाहेरच्या चेताजाळ्यावर बसून त्याच्याकडून ॲसिटिलकोलीन सोडवत असला, तरी बशीतलं दृश्य तंतोतंत तेच असेल. भिंत असलेल्या अवयवावर काम करताना हा फरक विसरून चालत नाही. भिंतीच्या कोणत्या बाजूला घटना घडली, हे दर वेळी विचारावं लागतं.

याच प्राण्याच्या इतर भागांकडे नजर टाकली की नलिकापादाचं वेगळेपण उठून दिसतं. सी-अर्चिनच्या तोंडात पाच दातांचं जबड्याचं यंत्र असतं, ॲरिस्टॉटलचा कंदील नावाचं. कॉब आणि लॅव्हरॅक यांनी १९६६ मध्ये एकिनस एस्क्युलेंटस या सी-अर्चिनच्या कंदिलाचा कसून अभ्यास केला. तिथल्या स्नायूंसाठी चेतासंस्थेचा एक खास आतला विभाग आहे, हुकूम सोडणारा. चावायला ताळमेळ लागतो, तिथे झिरपणं पुरत नाही. काट्यांच्या बुडाशी तर आणखी वेगळा मामला. काटा कवचावरच्या गोल उंचवट्यावर बसवलेला. त्याभोवती बाहेरून स्नायूंचं कडं आणि आतून कोलॅजनचं अस्थिबंध. स्नायू काटा फिरवतो, अस्थिबंध त्याला जागेवर टणक धरून ठेवतो. ताकाहाशी यांनी १९६७ मध्ये दाखवलं की ॲसिटिलकोलीननं हे अस्थिबंध ताठर होतं. म्हणजे खडकाच्या फटीत काटे रोवून बसलेल्या सी-अर्चिनला स्नायू ताणून दमायची गरज नाही. तेच रसायन एका थराला आखडायला आणि दुसऱ्याला, ज्यात आखडणारं फारसं काही नाही, घट्ट व्हायला सांगतं. नलिकापादाच्या भिंतीचा ताठरपणाही बदलता असतो, त्यामुळे ती भिंत नुसता अडथळा नाही, चालीत तिचाही वाटा आहे.

जीवशास्त्रज्ञ याकोब फॉन उक्सक्युल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सी-अर्चिनला प्रतिक्षिप्त क्रियांचं प्रजासत्ताक म्हटलं होतं. मेंदू नाही, तोंडाभोवतीचं चेताकडं आणि पाच अरीय चेतारज्जू, बाकी कारभार स्थानिक. बशीतला कापलेला नलिकापाद हा त्या प्रजासत्ताकाचा एकटा नागरिक.

अलीकडच्या काळात या नागरिकाला आणखी निरोप येतात असं दिसलं आहे. १९९१ मध्ये तारामाशांतून सॅल्मफामाइड नावाचे छोटे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या, वेगळे काढले गेले. ते तारामाशाचं जठर आणि नलिकापाद सैल करतात. २००९ मध्ये मॉरिस एल्फिक आणि मॅथ्यू रो यांनी सी-अर्चिनमधले दोन पेप्टाइड तपासले, एनजीएफएफएफ-अमाइड आणि एकिनोटोसिन. दोन्हींनी एकिनस एस्क्युलेंटसच्या अन्ननलिकेला आणि नलिकापादाला आखडवलं. एकिनोटोसिन हे आपल्या शरीरातल्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाच्या कुळातलं. त्याच कुळातलं तारामाशाचं ॲस्टेरोटोसिन मात्र तारामाशाचं जठर सैल करतं, आणि जठर बाहेर काढून भक्ष्यावर पसरण्याच्या त्याच्या जेवणाच्या पद्धतीला ते हातभार लावतं. गाबाचीच गोष्ट पुन्हा.

मघाचा हिशेब या पेप्टाइडांनाही लावता येतो. ॲसिटिलकोलीनचा रेणुभार साधारण १४६, एकिनोटोसिनसारख्या नऊ अमिनो आम्लांच्या साखळीचा हजाराच्या आसपास. रेणू जड झाला की विसरण गुणांक ढोबळमानानं रेणुभाराच्या घनमुळाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे इथे जवळजवळ निम्मा. दहा मायक्रोमीटरची भिंत ओलांडायला सेकंदाचा दहावा भाग लागत होता, तिथे आता पाचवा लागेल. फार नाही. भिंत दोघांनाही वाट देते. फरक पडेल तो वाटेत त्यांना तोडणारं विकर कोणतं आणि किती भेटतं यानं.